आप्पांचं वर्ज्य क्रियापद

आमच्या घरात एक इंग्रजी क्रियापद वर्ज्य होतं. काही घरांत चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, काही घरांत मंगळवारी मटण. आमच्याकडं सगळं चालायचं, मटण तर कुठल्याही वारी चालायचं, फक्त ‘बेग’ चालायचं नाही. ते बोलायचं नाही, लिहायचं नाही, आणि कुणी अर्जात लिहून आणलं तर आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यावर पेनानं आडवी रेघ मारून कागद परत देत. रेघ पट्टी लावून मारत. वाकडी रेघ मारायची तर शब्द राहू द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आप्पा सैन्यात कारकून होते. हवालदार क्लार्क. बंदूक त्यांनी नियमाप्रमाणे वर्षातून एकदा चालवली, बाकी सगळी नोकरी टाइपरायटरवर झाली. जवानांचे रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, कुणाच्या बायकोचं आजारपण, कुणाच्या गावाकडं बांधावरून झालेली मारामारी, हे सगळं इंग्रजीत घालून साहेबापुढं ठेवायचं हे त्यांचं काम. आणि प्रत्येक अर्जाची सुरुवात एकच: ‘आय बेग टू स्टेट दॅट’. म्हैस मेली तरी बेग, मुलगा झाला तरी बेग. निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कागदांवर शेवटचा बेग लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि साताऱ्याची गाडी धरली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

त्यांच्याकडं एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, हिरव्या जाड कापडात बांधून घेतलेला. त्यात या क्रियापदापुढं दोन अर्थ दिले होते. पहिला, भीक मागणे. दुसरा, नम्रपणे विनंती करणे. मी आठवीत असताना एकदा दुसऱ्या अर्थावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला आणि म्हणाले, “जो आधी आला तो खरा. दुसरा पाहुणा म्हणून आला आणि मुक्काम ठोकून बसला.” मी विचारलं, मग प्लीज कसं चालतं. “प्लीज माणूस माणसाला म्हणतो. बेग खालचा वरच्याला म्हणतो.” विषय संपला. आप्पांचे विषय लवकर संपायचे. आप्पा पुस्तकी मराठी बोलत. पलटणीत सतरा ठिकाणची माणसं होती, त्यांना समजावं म्हणून लागलेली सवय, असं ते म्हणत. आत्या म्हणायची, त्याला गावाची बोली नको झाली म्हणून.

आमचं घर साताऱ्याच्या कडेला, जिथं निवृत्त फौजींनी एकमेकांच्या ओळखीनं प्लॉट घेतले होते त्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं पत्र्याचा सोपा, म्हणजे ओसरी. सकाळी साडेपाचला सगळ्या घरांतून एकाच वेळी खोकला, चुळा आणि रेडिओ सुरू व्हायचा. रेडिओवर सगळीकडं एकच केंद्र, त्यामुळं वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी बातमी तुटायची नाही. आमच्या घराचे आवाज दोनच. आत आत्या भाकरी थापायची तो, आणि सोप्यावर आप्पा बूट पॉलिश करायचे त्या ब्रशचा. निवृत्त झाल्यावर बूट घालून जायला त्यांना कुठं नव्हतं. ते पॉलिश करायचे, उजेडात धरून बघायचे, आणि फडक्यात गुंडाळून परत ठेवायचे. बाहेर पडताना पायात चप्पल.

आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला ती आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या माणसाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. मला वाढवलं आत्यानं, आप्पांच्या थोरल्या बहिणीनं. नवरा गेल्यावर ती आमच्याकडं आली ती कायमची. तिच्या हातची ज्वारीची भाकरी पातळ, कडेपर्यंत सारखी, आणि घेवड्याच्या आमटीला ती असा मसाला घालायची की जेवताना आम्ही तिघंही नाक पुसत असू आणि तरी कुणी पाणी मागत नसू. आप्पा तर काहीच मागत नसत. ही त्यांची खोड मला फार उशिरा खोड म्हणून दिसली, कारण मी तीच बघत वाढले. ताटातली भाकरी संपली की ते हात आखडून बसत. ‘वाढ’ म्हणत नसत. मीठ कमी असलं तर तसंच खात. पाणी हवं असलं तर उठून स्वतः घेत. आत्याला त्यांच्या ताटावर नजर ठेवावी लागायची, आणि तिची नजर चुकली तर आप्पा अर्धपोटी उठायचे. “ह्यो असाच,” आत्या म्हणायची. “तान्हा असताना सुदीक रडला न्हाई. काळा-निळा झाला मग कळलं भूक लागलीया म्हनून.”

यामागं जे होतं ते आत्याकडूनच कळलं. औंधाकडच्या आमच्या गावात, आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला त्याच्या आधीपर्यंत, गावकीची कामं करायची आणि त्याबदली रोज सांजेला घरोघर जाऊन भाकरी आणायची, अशी रीत होती. आमच्या घरातून भाकरीची पाटी घेऊन जायचं काम आत्याकडं होतं, कारण ती थोरली. ती दहा वर्षांची, आप्पा पाच वर्षांचे. आणायची ती, खायचे ते. आत्या हे सांगताना आवाज कधी बदलायची नाही. कुणी भाजीबाजाराची हकीकत सांगावी तसं सांगायची. अमक्याच्या घरची भाकरी कडेला कच्ची, तमक्याच्या घरी मीठ जास्त, एका घरी दिवाळीला करंजी मिळायची पण ती कायम तुटकीच. मी विचारायची, आत्या, तू मागायचीस कशी? “मागायचं कशाला? पाटी बघून कळतंयच की त्यास्नी. मी हुबी ऱ्हायाची.” कुठं, दारात? “दारात कोन हुबं करतंय. अंगनाच्या भाईर, रस्त्यावं. अनवानी. वरनं टाकायची, आपन पाटीत झेलायचं. लय सवय झालीती मला. एक भाकरी खाली पडू दिली न्हाई कवा.”

ती इथवर आली की आप्पा ताटावरून उठत. हात धुवायला मोरीत जात आणि बराच वेळ परत येत नसत. आत्या त्यांच्या पाठीकडं बघून मला हळूच म्हणायची, “खाल्लेल्या भाकरीची लाज वाटतीया त्येला. आननारीला न्हाई वाटत, खानाऱ्याला वाटतीया.”

आता अर्जांचं. वसाहतीतल्या प्रत्येक फौजीचं कुठल्या ना कुठल्या कचेरीत काहीतरी अडकलेलं असायचं आणि इंग्रजी लिहिणारे आप्पा एकटेच, तेव्हा संध्याकाळी सोप्यावर माणसं येत. आप्पा ऐकून घेत आणि ‘आय स्टेट दॅट’ एवढी सुरुवात करून कागदावर चार-पाच ओळी लिहून देत. अमुक झालं आहे. तमुक व्हायला हवं. कृपया करावं. खाली सही. त्यात ना बेग, ना आपला आज्ञाधारक सेवक. शेजारचे जगताप सुभेदार पहिला अर्ज वाचून म्हणाले होते, “आप्पा, ह्यो अर्ज हाय का हुकूम?” आप्पा म्हणाले, “माहिती आहे.” सुभेदारांचा तो अर्ज महिन्यानं परत आला. त्याला सेवापुस्तकाची नक्कल जोडायची राहिली होती, आणि परत आलेल्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलंही होतं. पण सुभेदारांनी मनाशी ठरवलं, की अर्ज परत आला तो बेग नव्हता म्हणून. ते पोवई नाक्याच्या अलीकडं काळे मास्तरांच्या टायपिंग क्लासमध्ये गेले, अर्जात बेग घालून नव्यानं टाइप करून घेतला, नक्कलही जोडली, आणि काम झालं. झालं, तेव्हापासून अख्ख्या वसाहतीला पटलं. माणसं आप्पांकडून अर्ज लिहून घेत, त्यांच्यासमोर वाचून मान डोलवत, आणि तिथून थेट काळे मास्तरांकडं जात. “मास्तर, तेवढं बेग घाला.” आमटीत मीठ घाला म्हणावं तसं. काम झालं की पेढे मात्र आप्पांना येत. आप्पा पेढा तोंडात टाकून मला म्हणत, “बघितलंस? मान न वाकवता होतं.”

हे मला माहीत होतं, कारण बेग घालणारी मीच होते. बारावीची परीक्षा देऊन मी काळे मास्तरांच्या क्लासला जाऊ लागले होते, आणि मास्तर बाहेरची कामं शिकाऊ मुलींकडून करून घेत. आप्पांच्या वळणदार अक्षरातला कागद यायचा, मास्तर म्हणायचे, “सुमन, तुझ्या वडिलांचा आहे, तूच घे,” आणि मी पेन्सिलीनं ‘आय’ आणि ‘स्टेट’ यांच्यामध्ये खूण करून वर ‘बेग टू’ लिहायची, मग टाइप करायची. पहिल्यांदा मी ती खूण दोनदा खोडली. दहाव्यांदा नाही. मला वाटायचं, यात कुणाचं काय जातं. माणसांचं काम होतंय, आप्पांना पेढा मिळतोय. आज इतकी वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसल्यावर मला त्या मुलीचा राग येतो. तिला वाटत होतं आपण वडिलांना जपतोय. जपत वगैरे काही नव्हती, साऱ्या वसाहतीबरोबर मिळून ती त्यांना फसवत होती.

डी.एड.च्या यादीत माझा नंबर सांगलीला लागला. त्या काळी आमच्या वसाहतीतल्या मुलीचा कुठंही नंबर लागणं ही बातमी होती. सुभेदारांच्या रेडिओनंतर तीच दिवसभर फिरली. अडचण एकच. सांगलीत आमचं कुणी नव्हतं. विद्यालयात हजर होताना राहण्याच्या सोयीचा कागद दाखवायचा, आणि ठरलेल्या शनिवारपर्यंत हजर झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. म्हणजे मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर मी शिक्षिका, नाही मिळाली तर जगताप सुभेदारांनी सुचवलेलं एक स्थळ वाईला होतं. स्थळ वाईट नव्हतं. मला नको होतं एवढंच.

वसतिगृहाचा अर्ज आप्पांनी इंग्रजीत लिहिला. मराठी अर्ज गठ्ठ्यात तळाशी जातात, इंग्रजी वर राहतात, असा त्यांचा अनुभव होता. माझ्या मुलीची निवड झाली आहे. सांगलीत आमचं कुणी नाही. तिला वसतिगृहात एक जागा हवी आहे. कृपया द्यावी. चार वाक्यं. आणि या एका अर्जाच्या वेळी त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: कागद माझ्या हातात न देता ते स्वतः माझ्याबरोबर क्लासला आले. काळे मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत, भिंतीपाशी उभे राहिले. त्या भिंतीला एक तार होती, आणि टाइप करून झाल्यावर हातानं लिहिलेले मूळ कागद मास्तर त्या तारेत खोवून ठेवत. कुणी वाद घातला तर मूळ कागद दाखवता यावा म्हणून.

मी मशीनमध्ये कागद सरळ करत होते तेव्हा मागं पानं उलटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं. मग बराच वेळ एकही नाही. मी मान वळवली नाही, वळवायचं धाडस नव्हतं. आप्पा मास्तरांना म्हणाले, “हे पेन्सिलीचं अक्षर कुणाचं?”

मास्तर म्हणाले, “क्लासमध्ये तीन मुली आहेत.”

“‘जी’ हे अक्षर असं अर्धवट सोडलेलं एकीचंच असतं.” आप्पांनी विचारलं, “सगळ्यांच्यात?”

“सुभेदारांपासून पुढं सगळ्यांच्यात,” मास्तर म्हणाले. “काही जणांनी दोनदा घालायला लावलं.”

आप्पांनी कागद होते तसे तारेत परत खोवले. कडा जुळवून. मग माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी विचारलं, “आप्पा, कसं करू?” ते म्हणाले, “लिहिलंय तसं.” मी टाइप केलं. चार वाक्यांत माझ्या सहा चुका झाल्या आणि कागद तीनदा बदलावा लागला. ते एकदाही रागावले नाहीत. परत येताना ते दहा पावलं पुढं आणि मी मागं, अशी आम्ही वसाहत गाठली. मला इतकी लाज वाटत होती की रस्त्यात भुई फाटली असती तर मी मुकाट्यानं आत गेले असते.

त्या दिवसानंतर सोप्यावर कुणी अर्जासाठी आलं की आप्पा म्हणत, “काळेंकडं जा. तिथं पूर्ण मिळतो.” एवढंच. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलत, म्हणजे फार नाही. बूट पॉलिश करायला मात्र जास्त वेळ लागायला लागला.

पुढं सांगलीला असताना ग्रंथालयातल्या एका जाडजूड इंग्रजी कोशात मी या शब्दाचं मूळ शोधलं होतं. एका मतानं तो फार जुन्या इंग्रजीतल्या एका शब्दापासून आला, पण तो शब्द जुन्या लिखाणात इतका क्वचित सापडतो की सापडला म्हणायलाही जीव धजावत नाही. दुसऱ्या मतानं, समुद्रापलीकडं भिक्षेवर जगणाऱ्या धर्मशील लोकांचा एक पंथ होता, त्याच्या नावावरून. खात्रीनं कुणी काहीच सांगत नाही. सुट्टीत आल्यावर मी हे आप्पांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे ज्यांचा शब्द आहे त्यांनाही माहीत नाही.” मी म्हटलं, ते दुसऱ्या मतातले लोक आपल्या भिक्खूंसारखेच की, म्हणजे शब्द अगदीच हलका नाही. आप्पांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “भिक्खू सगळं सोडून मागतो. सोडायला काही असावं लागतं.” मुलांना अर्जलेखन शिकवताना मी ‘आय बेग टू’ फळ्यावर कधी लिहिलं नाही. परीक्षकांनी गुण कापले असतील तर त्याचं पाप माझ्या माथी.

तर वसतिगृहाची यादी. ती बघायला आम्ही बुधवारी सांगलीला गेलो तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं. नाकारलेल्यांची वेगळी यादी होती, त्यातही नव्हतं. खिडकीतला कारकून म्हणाला, नाव नाही म्हणजे नाही. संध्याकाळी साताऱ्यात परतलो तर सुभेदार सोप्यावर वाट बघत होते. ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते मी नाकारणार नाही. “एक शबूद घालायचा व्हता गड्या,” ते म्हणाले. “पोरीसाठी घालायचा व्हता. कोन बघाय येतंय?”

गुरुवारी सकाळी आप्पांनी फडक्यातून बूट काढले आणि पायात घातले. आत्या चुलीपाशी होती, तिनं बुटांकडं बघितलं आणि आमच्या फडक्यात चार भाकऱ्या जास्त बांधल्या. कऱ्हाड, इस्लामपूर करत एस.टी. सांगलीला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. आप्पा थेट वसतिगृहात, रेक्टरबाईंच्या खोलीत गेले, त्यांच्या टेबलासमोर तीन पावलांवर उभे राहिले आणि तिथंच राहिले.

मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. रेक्टरबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, एकाच वेळी तिघांशी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “काय काम?” आप्पा म्हणाले, “अर्ज दिलेला आहे.” “मग?” “मग काही नाही.” बाईंना वाटलं, हे निघतील. ते निघाले नाहीत. शिपाईण म्हणाली, “बसा की आवं, खुर्ची हाय.” बसले नाहीत. हात बाजूला, मान सरळ, नजर बाईंच्या डोक्यावरच्या कॅलेंडरवर. पाच वाजता खोली बंद झाली तेव्हा ते वळले आणि बाहेर आले. त्यांच्या पलटणीतला एक जण कुपवाडला एका कारखान्यात वॉचमन होता. त्याच्या एकुलत्या एका खोलीत त्याची बायको आणि मी आत झोपलो, आप्पा आणि तो बाहेर. त्यानं विचारलं, काय म्हणाली बाई? आप्पा म्हणाले, “अजून काही नाही.”

शुक्रवारी पुन्हा. शिपाईणीनं त्यांच्या बुटांच्या कडेकडेनं झाडून घेतलं. नव्या मुलींनी येता-जाता त्यांना गुड मॉर्निंग केलं, त्यांना वाटलं वॉचमन बदलला. एका पालकानं आपला अर्ज त्यांच्या हातात दिला. आप्पांनी तो वाचून एक वेलांटी सुधारली आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. दुपारी मी त्यांना म्हटलं, “आप्पा, नुसतं तोंडानं सांगा ना एकदा. मी नाही कुणाला सांगणार.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “लिहिलंय की,” ते म्हणाले. मला रडू आलं, त्यांचा राग आला, आणि वाईचं स्थळ डोळ्यांपुढं उभं राहिलं. त्यांना आपला शब्द माझ्यापेक्षा प्यारा आहे, असं मी त्या बाकावर बसून पक्कं ठरवून टाकलं.

शनिवारी बाराच्या सुमारास रेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, तीन दिवस झाले. मला कामात काही सुचत नाही. तुम्हाला पाहिजे तरी काय? मागा तरी एकदाचं.”

“अर्जात लिहिलंय,” आप्पा म्हणाले.

बाईंनी गठ्ठा काढला. त्यात नव्हता. दुसरा काढला. त्यातही नव्हता. मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक पातळ पुडकं काढलं. इंग्रजीतले आलेले अर्ज त्यांनी कुणाकडून तरी वाचून घ्यायचे म्हणून बाजूला ठेवले होते आणि राहून गेलं होतं. पुडक्यात तीनच कागद होते. आप्पांचा घडीसुद्धा उलगडलेला नव्हता. म्हणजे त्यात बेग दोनदा असता तरी तो फळीवरच असता, हे माझ्या तिथंच लक्षात आलं. बाईंनी वाचायचा प्रयत्न केला, मग म्हणाल्या, “तुम्हीच सांगा काय लिहिलंय.” आप्पांनी चार वाक्यं मराठीत सांगितली, रेडिओवरच्या बातमीसारखी. बाईंनी चष्मा काढून पुसला. “चूक आमची आहे,” त्या म्हणाल्या. “खोल्या भरल्यात. सहाजणींच्या खोलीत सातवी खाट टाकते.” आणि राहण्याच्या सोयीचा कागद लिहायला घेतला. आप्पा म्हणाले, “बरं.” आभार मात्र त्यांनी मानले, दोनदा. विद्यालयात हजर व्हायला पाच वाजेपर्यंत वेळ होता, आम्ही दोनला पोचलो.

रविवारी मी सामान न्यायला त्यांच्याबरोबर साताऱ्याला आले. दुपारचं जेवण. जगताप सुभेदार बातमी ऐकून आले होते आणि दारात उभे राहून विचारत होते, “म्हंजी शेवटाला मागितलंसाच न्हवं?”

“नाही,” आप्पा म्हणाले. “उभा राहिलो.”

“तीन दिस?”

“तीन दिवस.”

सुभेदार हसले, त्यांना ते आवडलं असावं, आणि गेले. आप्पांनी ताटात घास मोडला. आत्या तव्यावरची भाकरी उलटवत होती. तिनं पाठ न वळवता विचारलं, “नुसता हुबा ऱ्हायलास? त्वांड न उघडता?”

आप्पांचा हात थांबला. मी आत्याकडं बघितलं आणि मग मलाही कळलं ती काय विचारतेय. तीन दिवस ते खोलीत उभे असताना मला जे दिसलं नव्हतं, ते हिला इथं चुलीपाशी बसून दिसलं होतं. आता ते उठणार आणि मोरीत जाणार, असं मला वाटलं.

“हो,” ते म्हणाले.

“दाराच्या आत का भाईर?”

“आत. टेबलापाशी.”

“पायात?”

“बूट होते.”

आत्यानं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी केली. ती फुगली. “मग त्ये येगळं,” ती म्हणाली. “जेव.”

आप्पा जेवले. मी माझ्या ताटात बघत होते. थोड्या वेळानं त्यांच्या ताटातली भाकरी संपली आणि त्यांनी हात आखडला, नेहमीसारखा. आत्याची पाठ आमच्याकडं होती, तिला दिसलं नव्हतं. मी उठणार होते. तेवढ्यात आप्पांनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, “आक्का, अर्धी वाढ.”

आत्याचा हात पिठात तसाच राहिला. ती वळली नाही. मग निखाऱ्यापुढची भाकरी तिनं उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि मागं सरकून त्यांच्या ताटात अख्खी ठेवली.